वाचक पुरावा मागतात तेव्हा

कादंबरी ऐतिहासिक असेल तर वाचकाला उत्तर देण्याची वेळ येणारच, आणि कोल्हापुरात ती जरा लवकर येते. इथला वाचक पत्र लिहीत बसत नाही, मंडईत गाठतो. "बाई, ते तुमच्या तिसऱ्या प्रकरणातलं भुयार खरं हाय न्हवं?" त्याच्या हातात मेथीची जुडी, माझ्या हातात पिशवी, मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं. उत्तर उभ्या उभ्या द्यायचं असतं.

माझी कादंबरी पन्हाळ्यावरच्या कैदेची आहे. १७१४ साली गडावर सत्ता उलटली, ताराराणींच्या सवत राजसबाईंचे पुत्र संभाजी (शिवछत्रपतींचे नातू) गादीवर आले, आणि सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराराणी मुलासह नजरकैदेत गेल्या. त्यांच्याविषयी लिहायला घेतलेल्या नव्या लेखकांचे मला फोन येतात. कागदपत्रं कुठं बघायची, मोडी कुठं शिकायची, हे सगळे विचारतात. छापून झाल्यावर वाचकांना सामोरं कसं जायचं, हे कुणीच विचारत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच दोन वाक्यं तोंडातून हद्दपार करा. पहिलं, "अहो, कादंबरी आहे ती." दुसरं, "इतिहासातच तसं आहे." अडचणीत आलेला लेखक या दोन्हींवर आलटून पालटून उड्या मारतो. घोड्याचा रंग चुकला की कादंबरी, एखादी राणी दुष्ट रंगवली की इतिहास. वाचकाला हे लगेच कळतं. त्यानं साधं विचारलेलं असतं, की यातलं किती घडलं आणि किती तुम्ही घडवलंत. तेवढं सांगायचं धैर्य असलं की बाकी कौशल्याचा भाग फार थोडा उरतो.

तयारी लिहितानाच करायची

प्रश्न आल्यावर आधार शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो. चार वर्षांपूर्वी वाचलेला कागद दप्तरातल्या कुठल्या रुमालात, म्हणजे गठ्ठ्यात, होता हे आठवत नाही. मी लांब वही घेते. डाव्या पानावर प्रसंग, उजव्या पानावर तो कुठून आला ते, आणि समासात एक अक्षर. 'क' म्हणजे कागद : सनद, पत्र, महजर, हिशेब, काहीतरी त्या काळाचं. 'अ' म्हणजे अदमास : थेट पुरावा नाही, पण त्या काळात, त्या जागी असं असणं शक्य आहे. 'म' म्हणजे मनातलं. शंका आली तर खालचं अक्षर घालायचं, वरचं नाही. बखरीतली गोष्ट मी 'क' मध्ये घालत नाही. बखर बहुतेक वेळा घटनेनंतर बऱ्याच काळानं, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. तिच्यासाठी 'अ', आणि पुढं कंसात 'बखर'.

ही वही घेऊन मी कार्यक्रमाला जाते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तिथं पुस्तकावर बोलायला बोलावलं की समोरच्या दोन रांगांत लेखकापेक्षा जास्त वाचलेली माणसं बसलेली असतात. त्यांच्यापुढं पाठांतर चालत नाही. "थांबा हं, बघून सांगते," म्हणून वही उघडली की सभागृहाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. वही नसेल तर निदान गुळगुळीत बोलू नका.

उत्तराचा साचाही त्या अक्षरांवरूनच पडतो. आधी अक्षर सांगायचं, मग आधार, मग हे का लिहिलं ते. एका निवृत्त तलाठ्यांनी विचारलं होतं, "ताई, राणीसाहेबांना कैदेत निरोप पोचवणारी ती रखमा कुणबीण, तिचं वतन कुठल्या गावाला होतं?" त्यांना मी लिहिलं, "काका, रखमा माझ्या मनातली आहे. वाड्यात कुणबिणी, म्हणजे दासी, होत्या याला त्या काळच्या कागदांचा आधार आहे, त्यांची नावं मात्र क्वचित येतात. बंद दाराच्या आतलं बाहेर सांगणारं कुणीतरी मला हवं होतं, म्हणून ती आली." पाच ओळींच्या आत. काका थोडे हिरमुसले असणार, कारण त्यांनी तिच्यासाठी एक गाव मनात धरून ठेवलं होतं. तरीही रखमाला वतन देऊन टाकायचा मोह आवरायचा. एकदा दिलंत की पुढच्या दहा वर्षांत ते कुणाच्या तरी लेखात पुरावा म्हणून येतं.

खरं असतं तेच लोकांना पटत नाही

हे नव्या लेखकाला ठाऊक नसतं. माझ्या एका प्रकरणात गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवल्याबद्दल हवालदार शिपायाला झापतो, "उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि सगळी छावणी जळेल." हे वाक्य वाचून तीन-चार जणांनी तरी मला कळवलं, की कल्पना छान आहे पण जरा अतिच झालं. ती कल्पना माझी नाही. शिवछत्रपतींच्या काळात चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेल्या पत्रात उंदरानं वात नेण्याचा धोका अगदी असाच सांगितला आहे. त्याच पत्रात रयतेला काडीचाही त्रास देऊ नका अशी ताकीद आहे. ती सगळ्यांना पाठ असते, उंदीर मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

ताराराणींच्या उत्तरायुष्याचंही तसंच. सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्यांमध्ये झालेल्या १७३१ च्या वारणेच्या तहाच्या सुमारास त्या साताऱ्याला गेल्या. छत्रपती शाहू १७४९ साली वारले, त्यानंतर रामराजा गादीवर आला. त्याला आपला नातू म्हणून पुढं आणणाऱ्या ताराराणींनीच पुढच्या वर्षी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवलं. स्वतः कैद भोगलेल्या बाईनं नातवाला कैदेत टाकलं, हे मी रचलं असतं तर संपादकानंच ओढूनताणून आणलेलं म्हणून कापलं असतं.

अशा प्रश्नाला उत्तर देताना विजयी मुद्रा करायची नाही. "हे खरं आहे, वाचा नीट" असं म्हटलं की वाचक गप्प बसतो आणि परत येत नाही. कागद कुठं छापला आहे ते सांगायचं. ताराराणींसाठी डॉ. आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली आणि शिवाजी विद्यापीठानं छापलेली 'ताराबाईकालीन कागदपत्रे' आहेत. त्यातला खंड आणि पान सांगितलं की वाचक स्वतः जातो. गेलेला वाचक पुढच्या वेळी तुमच्यापेक्षा चांगला प्रश्न घेऊन येतो, आणि मग कधीकधी वहीत 'अ' चा 'क' होतो.

खाणं, भुयार आणि भवानी मंडप

कोल्हापुरात पहिला प्रश्न जेवणाचा. "ताराराणींच्या मुदपाकखान्यात तांबडा-पांढरा का नाही?" इथं गुळमुळीत राहू नका. मिरची पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणली, त्यामुळं १७१४ च्या पन्हाळ्यावर ती असणं अशक्य नाही. पण आज आपण ताटाच्या दोन्ही अंगांना दोन वाट्या ठेवतो, तीच पद्धत तेव्हा होती असं म्हणायला माझ्याकडं कागद नाही. म्हणून मी मटणात मिरे, तीळ, खसखस, खोबरं घातलं, एका जेवणात मिरची घातली आणि समासात 'अ' लिहिला. टोमॅटो आणि बटाटा पूर्ण वगळले. चहाचा तर प्रश्नच नाही, तरी हस्तलिखित वाचणाऱ्या माझ्या भाच्यानं "मावशी, पाहुण्याला नुसतं पाणीच?" असं विचारलंच. गुळाचा खडा दिला मग.

भुयाराचं उत्तर एका ओळीत द्या आणि पुढं चला. प्रत्येक गडाखाली, प्रत्येक वाड्याखाली, झालंच तर रंकाळ्याखालीसुद्धा भुयार असतंच असं आपल्याकडं मानतात. पन्हाळ्याच्या अंधारबाव या विहिरीत मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी चोरवाट आजही दिसते, तेवढी दाखवा. बाकीच्या भुयारांना 'म'.

भवानी मंडप का नाही, नवा राजवाडा का नाही, हेही विचारतात. नवा राजवाडा १८८४ साली पूर्ण झाला. १७१४ साली राजधानी पन्हाळ्यावर होती, ती कोल्हापुरात आली त्याच शतकाच्या अखेरीकडं. हे सांगताना शिक्षकी सूर लागतो, मला तर फारच लागतो, सगळी नोकरी वर्गात गेली. तो आवरायचा उपाय एकच : वाचकाला त्याच्या माहितीतल्या जागेवर उभं करायचं. पन्हाळ्यावर ज्याला आपण ताराराणींचा वाडा म्हणतो तिथं आता शाळा भरते. "पोरं डबा खातात तिथं उभं राहून बघा, पावसाळ्यात धुकं कसं आत शिरतं," एवढं सांगितलं की राजधानीचा घोळ आपोआप सुटतो.

तारखांचे भांडण

सहा जून की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, या प्रश्नावर मी मित्रांना एकमेकांशी अबोला धरताना पाहिलंय. तुम्हाला दोन्ही बाजू समजावता यायला हव्यात. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. त्याची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कालगणनेतली. इंग्रजांनी नवी कालगणना १७५२ साली घेतली, पोर्तुगिजांनी ती १५८२ पासूनच घेतलेली होती. त्यामुळं सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची तारीख सुरतेच्या इंग्रजी कागदात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात दहा दिवसांनी वेगळी निघते. दोन्ही कागद खरे.

आपल्या कागदांत तर आणखी गंमत. शके असेल तर ७८ मिळवून भागतं. शुहूर सन असेल तर अंक अरबी शब्दांत आणि एकंपासून उलटे : 'अर्बा अशर मया व अलफ' म्हणजे चार, दहा, शंभर आणि हजार, एकूण १११४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणजे १७१३-१४. कित्येक पत्रांत 'छ' लिहून नुसता चंद्र (महिन्यातला दिवस) आणि अरबी महिना असतो, वर्ष नसतंच. मग आतल्या मजकुरावरून वर्ष बसवावं लागतं, आणि दोन अभ्यासक दोन वर्षं बसवतात. वाचकाला हे सगळं एका दमात सांगू नका, तो विचारेल तेवढंच सांगा. कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी मात्र इंग्रजी तारीख चुकूनही घालू नका. रखमाला अमावस्या कळते, संकष्टी कळते, १७ ऑगस्ट कळत नाही.

राजसबाईंचा प्रश्न

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या बाबतीत तो एका म्हाताऱ्या आजींनी विचारला. पुस्तकात खुणेला लोकरीचे धागे घालून आल्या होत्या. "राजसबाईला तू एवढी काळी का गं रंगवलीस? तिलाबी नवरा गेलेला, तिलाबी पोरगा."

"इतिहासातच तसं आहे" हे इथं जिभेवर येतं. पण कागदात काय आहे? १७१४ साली सत्ता उलटली हे आहे, संभाजी गादीवर आला हे आहे, ताराराणी आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले हे आहे. राजसबाईंच्या मनात काय होतं ते कुठल्या कागदात असणार? राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले तेव्हा विधवा दोघी झाल्या. एकीचा मुलगा चौदा वर्षं गादीवर राहिला, दुसरीचा वाड्यात वाढत राहिला. दुसरीच्या खिडकीतून पाहिलं तर हीच कादंबरी उलटी लिहिता येते. शिवाय करवीरची गादी पुढं चालली ती संभाजींच्या नावानं. कोल्हापुरात बसून राजसबाईंना परक्या ठरवणं तसं विचित्रच.

तेव्हा उत्तर असं द्यायचं : ही बाजू मी निवडली, कारण मला कैदेतल्या बाईची गोष्ट सांगायची होती, आणि कैदेतल्या बाईला दाराबाहेरची सवत अशीच दिसणार. आजींना मी हेच सांगितलं. त्यांना पटलं नाही. "मग तिच्यावर दुसरं लिव्ह," म्हणाल्या, आणि खुर्ची सरकवून चहाकडं गेल्या. वाचकाला पटलंच पाहिजे असा काही नियम नाही. निवड आपली आहे हे कबूल केलं आणि तिची कारणं सांगितली की लेखकाचं काम झालं.

अशीच आणखी एक निवड, जराशी हलकी. रखमा कादंबरीत "मी येतो", "मी जातो" म्हणते. पुण्याहून मुद्रणदोष म्हणून याद्या आल्या. कोल्हापूरच्या बायका आजही तसंच बोलतात, मीही घरात तसंच बोलते. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणबिणीच्या तोंडी ते घालणं हा माझा निर्णय, समासात 'म'. याद्या पाठवणाऱ्यांना तेवढंच कळवलं आणि आभार मानले. त्यांतले दोन खरेच मुद्रणदोष होते.

घराण्यातली माणसं

सरदार घराण्यातून फोन आला की घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. सूर बहुधा असा असतो : "आमच्या पूर्वजांना तुम्ही पळताना दाखवलंय." आधी पूर्ण ऐकून घ्या. मध्ये आधार फेकू नका. मग विचारा, "दादा, घरात काही कागद आहेत का? सनद, कैफियत, वंशावळ, काहीही." असतील तर बघायला जा. नसतील तर तुमचा आधार शांतपणे सांगा आणि थांबा. बदल करण्याचं आश्वासन फोनवर कधीच द्यायचं नाही. आणि कागद बघण्याआधी जेवायला बसायचं नाही. तांबडा रस्सा पोटात गेल्यावर परखड मत देणं अवघड जातं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

घरातली वंशावळ बघताना ती कशासाठी लिहिली ते आधी बघा. वतनाच्या भांडणात दाखल करायला तयार केलेले कागद पुष्कळ असतात. त्यांत पूर्वज शूर, एकनिष्ठ आणि सगळ्यात थोरला असतो. खोटे कागदही तेव्हा होत होते. कागदाची जात, शिक्का, मोडीचं वळण, यांवरून जाणकार सांगू शकतो, आपण अंदाज करू नये. पण असाच एखादा बाजूला पडलेला हिशेबाचा कागद, कुणाला किती कापड दिलं एवढाच, कादंबरीकाराला वंशावळीपेक्षा जास्त देऊन जातो.

जात विचारणारे भेटतात. काल्पनिक पात्राची जात कशाला हवी, हे त्यांनाच विचारा, बहुतेक जण तिथंच थांबतात. शेवट तसा का केलात, याला उत्तर देऊ नका. नाटक-सिनेमा कधी, याला हसून मान हलवा. "माझ्या आज्यानं असं सांगितलंय" म्हणणाऱ्याला मात्र कधीच तोडू नका. गावाचं नाव, आज्याचं वय, गोष्ट कुणाकडून ऐकली हे लिहून घ्या. ती लोककथा म्हणून उद्या कामाला येते.

चूक दाखवली गेली आणि ती चूकच असली तर "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते" एवढं म्हणा, आणि खरोखर करा. आवृत्तीच्या शेवटी दोन पानांचं टिपण जोडा : कोणती पात्रं काल्पनिक, कुठं दोन घटना जवळ आणल्या, कोणत्या वर्षाबद्दल मतभेद आहेत. प्रकाशक कागदाचा खर्च सांगून कुरकुरतात. ऐकू नका. या दोन पानांमुळं निम्मे फोन कमी होतात. उरलेल्यांसाठी रात्री नवानंतर फोन बंद ठेवा. इतिहासावरची सगळ्यात लांब भाषणं जेवणानंतरच सुचतात.

कार्यक्रम संपल्यावर एक माणूस सगळ्यांच्या मागं रेंगाळतो. प्रश्नोत्तरांत तो बोललेला नसतो. खुर्च्या उचलायला लागल्या की जवळ येतो आणि म्हणतो, "घरात एक पेटी हाय, मोडी हाय बगा, कुणाला वाचता येत न्हाई." त्याचा नंबर तिथल्या तिथं घ्या आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच फोन करा, तो करणार नाही. जाताना मोडी नीट वाचणारं कुणीतरी बरोबर न्या. मूळ कागद घरी आणू नका, त्यांनी आग्रह केला तरी. खिडकीजवळ उजेडात फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, कारण मागच्या बाजूवर बऱ्याचदा पत्ता किंवा पोचल्याची नोंद असते. कागद होते तसे, त्याच क्रमानं, त्याच फडक्यात बांधून द्या. ते घर तयार असेल तर पुराभिलेखागारात नक्कल द्यायचं सुचवा. आणि वाचून काय निघालं ते त्यांना सोप्या मराठीत लिहून कळवा, मग तो नुसता म्हशीच्या खरेदीचा कागद निघाला असला तरी.